गुंगीच्या खोलीतली देवी

परवा सांगलीच्या मंडईत एका बाईनं मेथीची जुडी हातातच ठेवून माझ्या दंडाला धरलं. "आवं, तुमी मिरजंच्या गुंगीच्या खोलीतल्या सिस्टर न्हवं?" आजूबाजूच्या चार माणसांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी जणू गांजाच विकत होते. मी म्हटलं, "होय बाई, तीच मी. पण जरा हळू बोला की." मग आम्ही दोघी खूप हसलो. घरी येईपर्यंत मात्र ती खोली डोक्यातून जाईना. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी शेजारच्यांच्या मायक्रोवेव्हची पिपाणी वाजली की मी अजून दचकून औषधाचा पंप बघायला उठते. आमचे हे म्हणतात, "बसा, पेशंट जेवतोय."

ती खोली म्हणजे मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला. चार पलंग, चार मॉनिटर, मध्ये हिरवे पडदे. दारावरच्या पाटीवर 'वेदना उपचार केंद्र' असं भारदस्त नाव होतं, पण खालच्या चहावाल्यापासून लिफ्टमनपर्यंत सगळे तिला गुंगीची खोलीच म्हणायचे. पेशंटही तेच म्हणत विचारत यायचे. सर सुरुवातीला चिडायचे. मग तेही फोनवर "गुंगीच्या खोलीत आहे" असं सांगायला लागले.

सर म्हणजे आमचे डॉक्टर. मूळ साताऱ्याकडचे, भूलतज्ज्ञ, बोलायला फटकळ, हाताला हलके. मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं ऑपरेशन थेटरात काढली आणि त्यांनी दुखण्याचा दवाखाना काढला तेव्हा त्यांच्या मागोमाग तिथं गेले. तिथं आम्ही जे औषध वापरायचो त्याचं नाव केटामीन. लोकांना वाटतं काहीतरी नवीन परदेशी निघालंय. नवीन कसलं! माझ्या उमेदवारीच्या काळात भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग करायचं असलं की हेच असायचं. माणूस झोपल्यासारखा दिसतो, पण डोळे उघडे, बुबुळं इकडून तिकडं फिरतायत, तोंडानं काहीबाही बडबड चाललेली. एका आजीनं सबंध ड्रेसिंगभर मला तिच्या मेलेल्या म्हशीची वंशावळ सांगितली होती.

तेच औषध अगदी थोडं, सलाईनबरोबर, पंपानं मोजून, तास न् तास सावकाश दिलं तर काहींची जुनाट दुखणी थोडे दिवस शांत होतात. 'काहींची' आणि 'थोडे दिवस' हे दोन्ही शब्द सर पेशंटकडून दोनदा म्हणवून घ्यायचे. "कुणाला आठवडाभर बरं वाटतं, कुणाला महिनाभर, कुणाला काडीचा फरक पडत नाही. बरं करणारं औषध नाही हे. आधी गोळ्या, चालणं, झोप. त्यानं भागलं नाही तर बघू." इतकं ऐकूनही माणसं सही करायची, कारण वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला आठवडाभराची सुट्टीही मोठी असते. औषध कुलपात असायचं. प्रत्येक बाटलीला दोन सह्या, आणि रिकामी बाटलीसुद्धा परत द्यायची. पेशंटजवळून मी हलायचं नाही, रक्तदाब आणि श्वास बघत राहायचं.

आमच्याकडं जास्त करून बायका यायच्या. त्यांच्या आजाराचं नाव फायब्रोमायल्जिया. हे नाव एकाही पेशंटला कधी नीट म्हणता आलं नाही, मलाही पहिल्या महिन्यात जमत नव्हतं. अंगभर दुखतं, झोप होऊनही झोप झाल्यासारखी वाटत नाही, डोकं जड, विसरायला होतं, आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. सर सतारींच्या मिरजेला शोभेल असं समजावून सांगायचे. "सतारीला खाली तरफेच्या तारा असतात ना, त्यांना कुणी हात लावत नाही, तरी वरची तार छेडली की त्या आपोआप झणझणतात. तुमच्या अंगात तसं झालंय. टिचकी एक लागते आणि सगळ्या तारा वाजतात. तार तुटलेली नाही, म्हणून एक्स-रेत दिसत नाही. पण वाजतेय हे खरं."

खरं सांगते, सुरुवातीला हे मलाही पटायचं नाही. थेटरात पोट फाडलेली माणसं बघितलेली मी. अंगाला खरचटलेलंसुद्धा नाही आणि कण्हतात कसल्या या बायका, असं मनात यायचं. माझ्याच माहेरची, लोणंदची, एक शाळामास्तरीण आली होती. गाववाली म्हणून मी आपुलकीनं, आणि जरा शहाणपणानंही, तिला म्हटलं, "बाई, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. मन रमवा कशाततरी, जाईल." तिनं पर्स उचलली, मला नमस्कार केला आणि गेली. परत कधी आली नाही. पुढं लोणंदला गेले की मी शाळेच्या रस्त्यानं जायचं टाळायचे.

आणि एक आमचे सुभेदार होते. बायकांचा आजार म्हणून ते नाव सांगायलाच लाजायचे. सातारा जिल्ह्यातल्या फौजी गावातले, निवृत्त, मिशा अशा की मास्क बसायचा नाही. औषध चढलं की ते सीमेवर जायचे. "गार्ड, सावधान! कोण आहे तिकडं?" मी म्हणायची, "मी सिस्टर आहे साहेब." "पासवर्ड?" मी "सलाईन" म्हणायची आणि ते म्हणायचे, "पास!" उतरल्यावर लाल चेहऱ्यानं हळूच विचारायचे, "सिस्टर, मी काय गुपित तर न्हाई ना फोडलं?" मी सांगायची, "फोडलंत की. जेवणात मीठ कमी असतं म्हणालात." असा गमतीचा माणूस. आता नाहीत ते.

पण मला सांगायचंय ते शालनचं.

शालन पलूसकडची. वय चाळिशीच्या आतलं, नवरा फौजेत, जम्मूकडं. घरी ऊस, दोन म्हशी, दोन मुलं आणि सासू. सासूचं नाव हौसाबाई. शालन तिला आत्ती म्हणायची, मी हौसामावशी म्हणायची. पहिल्या दिवशी मावशीनंच माझ्यासमोर फाईल आपटली. "बगा. एवढं कागद झाल्याती, एकातबी कायबी निघालं न्हाई. मग हिचं दुखतंय काय, त्वांड?" शालन जमिनीकडं बघत बसली होती. मी तिला विचारलं, "किती दुखतं? दहापैकी किती?" तर ती म्हणाली, "बरं हाय." सासू बाहेर गेली तेव्हा पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "सकाळी भिंतीला धरून उठती मी. धा वरसं झाली." आणि मग इतकी रडली, की माझा रुमाल गेला, सरांचा गेला, शेवटी कापसाचा गठ्ठा दिला.

घरात, भावकीत, नळावर, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत, सगळीकडं 'आमची शालन नाटकी हाय' हे मावशीनं जाहीर करून टाकलं होतं. शालनला दुखण्यापेक्षा तेच जास्त लागलं होतं. म्हणायची, "सिस्टर, दुखू दे एकवेळ. पण खोटी म्हणत्यात वं मला." बरं वाटलं नाही तरी चालेल, एवढं खरं ठरू दे, अशी तिची धडपड.

सरांनी वर्षभर गोळ्या, चालणं, झोपेची वेळ सगळं करून बघितलं. थोडा फरक पडला. मग ठरलं, केटामीन देऊन बघू. नवऱ्यानं फोनवर "करा" म्हटलं, शालननं सही केली. उशाशी घरचं एक माणूस बसवायची आमची पद्धत होती. ते माणूस अर्थातच हौसामावशी.

पहिल्या वेळी औषध अर्ध्या तासात चढलं. शालनची बुबुळं फिरायला लागली. ती हलकं हलकं हुंकारायला लागली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "लय उंच हाय... खाली ऊस दिसतोय... समदं हिरवं..." मी नाडी बघत होते. वळून बघते तर मावशी चप्पल काढून, हात जोडून उभी! मी म्हटलं, "मावशी, बसा. हे औषधानं होतंय. संध्याकाळपर्यंत उतरेल." मावशी खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी शिकल्याली माणसं. आमास्नी वारं ठावं हाय." आमच्या भागात अंगात येण्याला वारं येणं म्हणतात. मी हसून सोडून दिलं. नीट बसवून समजावलं असतं तर पुढचं झालं नसतं. पण मग पुढचं झालं नसतं ते बरं झालं असतं का, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्या औषधानं शालनला दहाबारा दिवस उतार पडला. गावात मात्र वेगळीच हवा झाली. शालनच्या अंगात मिरजेला देवी आली, दवाखान्यात आली, मशीनवर लाल आकडे नाचले! नळावर बायका तिला पुढं पाणी भरू द्यायला लागल्या. शालन मला फोनवर म्हणाली, "सिस्टर, मला मी म्हणून कवा एवढा मान न्हाई मिळाला." मी म्हटलं, "घे की मग." दोघी हसलो.

महिन्यानं दुसरा डोस. मावशी आली ती हळदीकुंकवाच्या पुड्या, नारळ आणि शेजारच्या दोन बायका घेऊन. नारळ मी दारातच जप्त केला. "इथं फोडायचा नाही, मॉनिटर बिघडेल," असं दडपून सांगितलं. बायका म्हणाल्या, "नुसतं बगून जाताव." मी पडद्याशी उभं राहू दिलं. हे नियमात बसत नव्हतं. शालनला सुई लावली, पंपाला नळी जोडली, पंप चालू केला, आणि तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरून गर्जना आली, "गार्ड, सावधान!" सुभेदार उठून उभे राहायच्या बेतात. मी धावले. त्यांना उलटी झाली, रक्तदाब वर गेला, सर आले, आम्ही त्यांना आवरत बसलो. तेवढ्यात पडद्यापलीकडून मावशीचा आवाज.

"आई, कोण हायस तू? का धरलंयस माज्या सुनंला?"

मग शालनचा आवाज, जड, सावकाश.

"मी न्हाई धरलं. तिला दुखण्यानं धरलंय."

"मग ती... ती खोटी न्हवं?"

"एक दिसबी खोटी न्हवती. सकाळी कशी उठती, तुला ठावं हाय का? शेजारी निजतीस, कवा बगितलंस का? तू नाटकी म्हणतीस, त्यानं तिचं ज्यादा दुखतंय."

सासूला 'तू' म्हणणारी सून मी त्या मुलखात बघितलेली नाही. मग बांगड्यांचा आवाज आणि मावशीचा रडवा सूर, "चुकलं आई. पदरात घे." मी पडदा बाजूला केला. मावशीचं कपाळ शालनच्या पावलांवर, कुंकू चादरीवर सांडलेलं, शेजारच्या दोघी हात जोडून थरथरतायत. आणि त्याच क्षणी पंप बोंबलायला लागला.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पंपातून निघालेली नळी सुईला मिळते तिथं एक छोटी तोटी असते, थ्री-वे म्हणतात तिला. ती फिरवून वाट उघडायची असते. इतक्या सावकाश चालणाऱ्या पंपाला पुढची वाट बंद आहे हे कळायलाच बराच वेळ लागतो, तोवर तो आपला गप ढकलत राहतो. मी बघितलं तर तोटी बंद. सुभेदारांच्या हाकेसरशी मी ती फिरवायची विसरून पळाले होते. औषधाचा एक थेंबसुद्धा शालनच्या अंगात गेला नव्हता.

तीस वर्षांच्या नोकरीत मी हे कधी केलं नव्हतं. अशा वेळी तोटी तशीच उघडली तर तुंबलेलं औषध एकदम आत जातं, म्हणून आधी नळी सोडवून दाब काढला. मग शालनकडं बघितलं. डोळे गच्च मिटलेले, पापण्या थरथरत होत्या, आणि मॉनिटरवर नाडी पळत सुटलेली. मी हात धरला, तर तिनं माझं बोट घट्ट दाबलं. मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं.

मावशीला आणि बायकांना बाहेर बसवून मी सरांना सगळं सांगितलं. तोटीचंही, देवीचंही. सर तोटीवरून असे तडकले! "सिस्टर, वीस वर्षं थेटरात काढलीत ना? फाईलमध्ये लिहा. वेळेसकट लिहा." मी लिहिलं. मग जरा निवल्यावर म्हणाले, "चूक आपली, ती आपण लिहिली. ते दुसरं त्यांच्या घरातलं आहे. तिला काय सांगायचं ते तिला ठरवू द्या." आणि डोस स्वतः उभं राहून सुरू केला.

संध्याकाळी उतरल्यावर शालन म्हणाली, "सिस्टर, आत्तींना सांगू नगासा."

"अगं, पण असं का केलंस?"

"धा वरसं माज्या तोंडानं सांगितलं. कोण ऐकलं? आज पयल्यांदा त्यांनी इचारलं वं. इचारलं तवा सांगून टाकलं." मग घाबरून म्हणाली, "पाप लागंल का?"

मी देवाधर्माची अधिकारी नव्हे. म्हटलं, "नाही लागत. झोप आता."

त्या दिवसापासून घर फिरलं. पहाटेच्या म्हशी मावशीनं स्वतःकडं घेतल्या. शालननं दुपारी पडायचं, संध्याकाळी कॅनॉलच्या कडेनं चालायचं, असा सासूचाच हुकूम. कुणी काही बोललं तर मावशी अंगावर जायची, "तिचं खरंच दुखतंय, इचार मला." औषध आणखी दोनदा दिलं, दरवेळी दोनतीन आठवडे उतार. मग सरांनी थांबवलं, गरज उरली नाही म्हणाले. दुखणं गेलं नव्हतं, पण भिंत धरायची वेळ रोज येत नव्हती. श्रेय कुणाचं ते मला विचारू नका. सरांनी फाईलमध्ये 'सुधारणा' एवढंच लिहिलं.

मला मात्र आतून धाकधूक. मावशीला कधी कळलं, की त्या दिवशी देवी नव्हती, सूनच बोलत होती, तर? मग शालन आयुष्यभराची खोटी ठरणार, आणि ती माझ्या एका विसरभोळेपणानं. बाकी कुठल्या केसनं मला इतकी वर्षं छळलं नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात हौसामावशी एकटीच एसटीनं आली. पिशवीत माझ्यासाठी काकवी. म्हणाली, "केसपेपर काढा."

"शालनचा? दुखतंय काय तिचं?"

"तिचा न्हवं. माजा." मी कोरा केसपेपर पुढं ओढला. "माजंबी आंग दुखतंय. थोरला पोटात हुता तवापास्नं."

"आणि आजवर बोलला नाहीत?"

"एकदा बोलले हुते. सासू म्हणाली नाटकी हाय."

मला राहवलं नाही. तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, शेजारी बसले आणि सांगून टाकलं. तोटी, पंप, सगळं. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी औषध गेलंच नव्हतं. चूक माझी होती. शालनला बोल लावू नका. घाबरून, पिचून बोलली ती पोर. जे बोलली ते खरं होतं."

मावशीनं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"बोलता बोलता तिनं डोईवर पदर वढला. वारं आलेली बाई कवा पदर सावरती व्हय? मला तवाच कळलं."

"मग पाया कशाला पडलात?"

"आवं सिस्टर, धा वरसं तिला गावभर खोटी केली मी. ते माज्या तोंडानं माघारी कसं घ्यावं? पाया पडायचं हुतं मला शालनच्याच. तशी पडाय गेले असते, तर तिनं पाय मागं घेतलं असतं."